हनुवटीला टाके घालण्याआधी

पेडोची (लहान मुलांच्या दंतविभागाची) पोस्टिंग लागली की सगळे निखळलेल्या दाताचंच पाठ करतात. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता लगेच बसवा, जमत नसेल तर दुधात ठेवा, दुधाचा असेल तर परत बसवू नका. येतं ना? मग पुढे चला. मी अडकले ती हनुवटीत.

इंटर्नशिपमधली रात्रीची ड्यूटी. सहा वर्षांची मुलगी ओट्यावरून पडलेली, फ्रॉकभर रक्त, हनुवटीखाली चीर. दात एकही हलत नव्हता. मी चार टाके घातले आणि स्वतःवरच खूश झाले. वॉर्डातले मामा म्हणाले, "मॅडम, तोंड उघडून पाहिलं का?" सिनियरांच्या व्हॉट्सॲप नोट्समध्ये तसलं काही नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही. (त्या नोट्स डिलीट करा. मामांना चहा पाजा.)

तीन आठवड्यांनी आई परत आली. "हिला पोळीचा घास जात नाही हो." तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं आणि उघडताना हनुवटी डावीकडे जात होती. डावा कॉन्डाइल, म्हणजे खालच्या जबड्याचं सांध्यात बसणारं टोक, मोडलेला.

हनुवटीवर बसलेला मार जबड्यातून थेट कानापुढच्या सांध्यात जातो. जखम खाली दिसते, हाड वर मोडतं. म्हणून आधी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवा आणि मुलाला आ करायला लावा. हनुवटी मोडलेल्या बाजूला वळते. दोन्हीकडे मोडलं असेल तर ती सरळही राहील, पण मागचे दात टेकले तरी पुढचे मिटणार नाहीत. कानातून रक्त आलं तर नुसतं पुसू नका. ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढाच, जोडीला रिव्हर्स टाउन (कॉन्डाइल समोरून दाखवणारा एक्स-रे). रात्री एक्स-रे बंद असेल तर सकाळी बोलवा आणि केसपेपरवर तसं लिहा. हे सुटलं तर सांधा जखडतो, त्या बाजूचा जबडा वाढायचा थांबतो.

पण हातपाय गाळू नका. या वयात हाड स्वतःला बरंच सावरून घेतं. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही: मऊ खाणं, दुखणं कमी झालं की तोंड उघडायचे व्यायाम. जबडा तारेने फार दिवस बांधून ठेवला तर मात्र ते बांधणंच सांधा जखडायला निमित्त होतं.

तिला आम्ही आइसक्रीमच्या काड्या दिल्या, एकावर एक रचून दातांत धरायला. पहिल्या दिवशी नऊ मावल्या, दोन महिन्यांनी अठरा. अजून दर सहा महिन्यांनी येते. मी मोजपट्टी काढायच्या आत स्वतःच आ करून बसते.