न्यू जर्सीत नव्याने आलात? मे महिन्याआधी हे वाचा

बँक, लायसन्स, शाळा यांबद्दल सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. मी गोचिडीबद्दल आणि ती चावल्याने होणाऱ्या लाइम या आजाराबद्दल लिहिते आहे, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हशीच्या अंगावरची टम्म गोचीड डोळ्यांपुढे आणू नका. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. मे ते जुलै त्यांचा सुकाळ. चावलेलं कळतही नाही.

२०११ च्या जूनमध्ये माझ्या मांडीमागे लालसर चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही. गजकर्ण समजून गावाहून आणलेलं मलम चोळत बसले. पुण्याच्या डॉक्टर मावसभावाला विचारलं, तोही गजकर्णच म्हणाला. त्याचा दोष नाही, त्याने लाइम कधी पाहिलाच नव्हता. चट्टा तळहाताएवढा पसरला आणि आपोआप गेला. मी निर्धास्त झाले. ऑक्टोबरात गुडघा इतका सुजला की जिना उतरता येईना. मग अठ्ठावीस दिवस अँटिबायोटिक. चट्टा गेला म्हणजे आजार गेला असं अजिबात नाही!

चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत चट्टा येतो आणि रोज पसरतो. पुस्तकातल्यासारखी गोल कडी दिसेलच असं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो मुका मार लागल्यासारखाही दिसू शकतो. काहींना येतच नाही. नुसता ताप, थंडी, थकवा, अंगदुखी. उन्हाळ्यात सर्दी-खोकल्याशिवाय असं झालं तर डॉक्टरांना गोचिडीचं नाव तुम्हीच काढा. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे चट्ट्याचा रोज फोटो काढून दाखवा. तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा छाती धडधडून चक्कर आली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर इथलं दुखणं तिथल्या डॉक्टरला दाखवायची सवय आहे. पैसे वाचतात, पण या आजारात वेळ जातो. तो घालवू नका.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, पेटती काडी लावणं नको. तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारा. कधी कधी डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात.

फिरून आल्यावर कपडे दहा मिनिटं गरम ड्रायरमध्ये टाका.

आणि आई-बाबा उन्हाळ्यात येतील. ते बागेत खुरपतील, कुंपणाकडच्या गवतात फिरतील. रोज आंघोळीच्या वेळी त्यांना एकमेकांची पाठ, काख, गुडघ्यामागची खोबण, कानामागचा भाग बघायला सांगा. खसखशीएवढं काही दिसलं तर चष्मा लावून पुन्हा बघायला सांगा.