सशाचं खाणं शेडमध्ये ठेवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात हवाच ओली असते. परड्यातल्या शेडमध्ये सशाचं खाणं उघडं राहिलं की बुरशी धरतेच. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं वाईटसाईट त्याला बाहेर टाकता येत नाही. कुबट वास आला की सगळं टाकून द्या. उन्हात वाळवून परत घालायचा लोभ नको.

गोळ्यांचं खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लास्टिक घुशी सहज कुरतडतात. तेलाचा जुना डबा चालतो, पण साबणानं धुऊन, कडक वाळवून. जुनं संपल्याशिवाय वर नवं ओतू नका. पोतं स्वस्त पडतं खरं, तरी पावसात महिन्यापुरतंच आणा. मापाची वाटी डब्यातच राहू दे.

वाळल्या गवताचं उलट. ते हवाबंद कोंडलं की घाम धरतं. गोणपाटात सैल भरून फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. छपराच्या पत्र्याला अगदी टेकून नको, पत्र्याला आतून सुटलेलं पाणी गवतावरच ठिबकतं. उंदरानं मुतलेलं गवत गेलंच समजा. आणि युरिया, औषधाचे डबे त्याच फळीवर? अजिबात नाही.