पेशीबाह्य पुटिकांच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना असा तयार करावा

पेशी आपल्या आवरणातून सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, बाहेर सोडतात आणि त्यांतून प्रथिने व आरएनए दुसऱ्या पेशींपर्यंत पोहोचवतात. त्यांतील एक्सोसोम अवघे 30 ते 150 नॅनोमीटरचे असतात. कर्करोगाची गाठही असे निरोप रक्तात सोडत असल्याने गाठीत सुई न घुसवता तिचा माग काढण्याची आशा त्यांच्यावर आहे; मात्र नमुना पहिल्या तासात बिघडला, तर पुढचे महागडे यंत्रही काही करू शकत नाही.

रुग्णाला रात्रभर उपाशी राहण्यास सांगावे, कारण जेवणानंतर रक्तात येणारे मेदकण पुटिकांमध्ये मिसळतात. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये, पहिले दोन-तीन मिलिलिटर रक्त बाजूला काढावे आणि मग निळ्या टोपणाची सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असलेली ट्यूब भरावी. रक्त गोठू न देणारे दुसरे द्रव्य, हेपॅरिन, टाळावे; ते पुढे पीसीआरमध्ये (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत) अडथळा आणते.

ट्यूब जोराने हलवू नये आणि प्लाझ्मा (रक्तातील पेशींखेरीजचा द्रव) वेगळा होईपर्यंत फ्रिजमध्येही ठेवू नये. हादऱ्याने आणि थंडीने प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) चेतवल्या जातात व स्वतःच्या पुटिका सोडू लागतात. मी एकदा सांगलीहून पुण्याला सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेले रक्त बसने पाठवले होते. अहवालात प्लेटलेट्सच्याच पुटिकांची गर्दी होती. तेव्हापासून प्लाझ्मा सांगलीतच वेगळा करून पाठवते.

सेंट्रिफ्यूजवर 2,500 g बलाने (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) 15 मिनिटे फिरवावे. येथे फेरे आणि g यांची गल्लत फार होते. रोटरची त्रिज्या 15 सेंटीमीटर असल्यास मिनिटाला सुमारे 3,860 फेरे लागतात. नुसते 2,500 फेरे लावले, तर जेमतेम 1,050 g मिळते. वरचा प्लाझ्मा उचलताना तांबड्या पेशींवरच्या पांढरट थराच्या वर सुमारे एक सेंटीमीटर अंतर सोडावे आणि तो नव्या ट्यूबमध्ये पुन्हा तसाच फिरवावा. दुसऱ्यांदाही तळाचा थोडा भाग सोडून द्यावा. प्लाझ्मा गव्हाच्या काडीसारखा पिवळसर हवा. त्यात गुलाबी झाक दिसली, तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत असे समजून तो नमुना बाद करावा, मन कितीही धजावत नसले तरी.

पुटिका वेगळ्या करण्यासाठी 1,00,000 g चे अल्ट्रासेंट्रिफ्यूज किंवा आकारानुसार गाळणारा स्तंभ वापरतात. नंतर सीडी9, सीडी63, सीडी81 या पुटिकांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा तपासतात. ते काम मोठ्या प्रयोगशाळेकडे सोपवावे. आपण प्लाझ्मा लहान कुप्यांत वाटून, रक्त घेतल्याची आणि फिरवल्याची वेळ प्रत्येकीवर लिहून, उणे 80 अंशांवर गोठवावा. प्रत्येक कुपी एकदाच वितळवावी; उरलेला भाग पुन्हा गोठवू नये.