वर्गांच्या बेरजेचे सूत्र स्वतः काढा
१² + २² + … + न² ही बेरीज स मानू. आर्यभटाने हे सूत्र इ.स. ४९९ च्या सुमारास दिले होते. वर्गांसाठी सुरुवात घनांपासून करायची, हीच यातली सुंदर युक्ती:

(क+१)³ − क³ = ३क² + ३क + १

क = १ पासून न पर्यंतची समीकरणे एकाखाली एक लिहून बेरीज करा. डावीकडची मधली पदे उडतात; उजवीकडे १ + २ + … + न = न(न+१)/२ वापरा:

(न+१)³ − १ = ३स + ३न(न+१)/२ + न

हमखास चुकते ते शेवटचे पद. १ हा न वेळा येतो, म्हणून तिथे न, १ नव्हे.

आता घन विस्तारू नका. उजवीकडचा न डावीकडे नेला की (न+१)³ − (न+१) मिळते; मग ३न(न+१)/२ हेही डावीकडे नेऊन (न+१) सामाईक काढा:

३स = (न+१)(न² + २न − ३न/२)
स = न(न+१)(२न+१)/६

पडताळा, न = ३: १+४+९ = १४ आणि ३×४×७/६ = १४. घनांच्या बेरजेसाठी (क+१)⁴ − क⁴ घ्या.