टर्बो इंजिनात मोठे कॅम कधी घालायचे आणि कधी पैसे वाचवायचे

माझ्या मित्राकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे, ती १.८ टर्बोवाली, कंपनीतून १५० पीएसची. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं की टर्बोचं नंतर बघू, आधी कॅम (इंजिनाचे हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व उघडणारे दांडे) बदलून घे. कॅम आले, बसले आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली. खाली ३००० आरपीएमपर्यंत जीवच नाही, घाटात जिथे तिसऱ्यावर आरामात खेचायची तिथे दुसरा टाकावा लागतो, आणि वर पण काही मिळालं नाही कारण टर्बो तोच छोटासा. बिचाऱ्याचे पैसे गेले, तसं तुमचं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सरळ उत्तर आधी देतो. टर्बो इंजिनात नुसत्या पॉवरसाठी मोठे कॅम लागतच नाहीत. बिगर-टर्बो इंजिनात हवा फक्त बाहेरच्या हवेच्या दाबावर आत येते, त्यामुळे व्हॉल्व किती उघडतो आणि किती वेळ उघडा राहतो यावरच सगळं अवलंबून, तिथे कॅम म्हणजे जीव की प्राण. टर्बो मात्र हवा ढकलून भरतो, व्हॉल्व तेवढाच वेळ उघडा असला तरी हा दाब (बूस्ट) वाढवला की जास्त हवा आत जाते.

टोयोटाचं २जेझेड-जीटीई घ्या, सुप्रामधलं, ३ लिटर, सरळ सहा सिलिंडर. अमेरिकेत ते ३२० हॉर्सपॉवरचं मिळायचं, आणि एक मोठा टर्बो, इंजेक्टर, पंप आणि नीट ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) एवढ्यावर लोकांनी कंपनीच्याच कॅमवर ६००-७०० काढलेत, म्हणजे दुप्पट, हेड न उघडता. पण गंमत अशी की जपानमधल्या गाडीत टोयोटाने इनटेक कॅम (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वचा) २२४ डिग्री ड्युरेशन (व्हॉल्व किती वेळ उघडा) आणि ७.८ मिमी लिफ्टचा (किती उघडतो) दिला आणि बाहेर पाठवायच्या गाडीत २३३ डिग्री आणि ८.२५ मिमीचा. म्हणजे कॅमने फरक पडतो हे कंपनीलाही माहीत होतं. प्रश्न एवढाच की तुमच्या गाडीत तो फरक कामाचा आहे का.

आता हे गणित नीट बघा कारण सगळा निर्णय इथे आहे. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात, त्याला १.३६ ने गुणलं की पीएस. ५००० ला ७०० एनएम असेल तर साधारण ४९८ पीएस झाले. तोच ७०० टॉर्क ७००० पर्यंत टिकला तर ६९८ पीएस. म्हणजे २०० पीएस मिळाले आणि पीक टॉर्क जराही वाढला नाही, रॉडवर आणि गिअरबॉक्सवर टॉर्कचा भार तेवढाच (रिव्हचा ताण वाढतो, तो वेगळा). मोठ्या कॅमचं काम हेच, टॉर्क वरच्या आरपीएमला पडू न देणं. त्यामुळे ज्याला वर फिरवायचंच नाही त्याने कॅमच्या नादी लागू नये.

मग ठरवायचं कसं? आधी डायनोवर (गाडीचा टॉर्क आणि पॉवर मोजणारं मशीन) जा आणि ग्राफ घ्या, बूस्टची रेघ पण त्यात हवी. बूस्ट शेवटपर्यंत सपाट आहे आणि टॉर्क ५५००-६००० नंतर धाडकन पडतोय तर इंजिनाला श्वास घेता येत नाहीये, कॅमचा विचार करा. पण टॉर्कबरोबर बूस्टही पडतोय तर टर्बो संपलाय, तिथे कॅम घालून काही होणार नाही, माझ्या मित्राचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरी तपासणी लोक करतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये किती दाब आहे ते मोजा. मॅनिफोल्डला एक छोटं फिटिंग लावा, तिथून मीटरभर स्टीलची बारीक नळी गुंडाळून काढा म्हणजे गरमी कमी होते, आणि पुढे प्रेशर गेज. छोट्या टर्बोवर १ बार बूस्टला मागे २ बार दाब सहज असतो. अशा वेळी जास्त ओव्हरलॅपचा कॅम घातला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व एकत्र जास्त वेळ उघडे राहिले, तर जळालेला गॅस उलटा इनटेककडे शिरतो, ताजी हवा कमी भरते आणि गाडी आणखी गरम होते. मोठा टर्बो लावून हे प्रमाण एकास एकच्या जवळ आलं की मग तोच ओव्हरलॅप फायद्याचा होतो. म्हणून क्रम कायम असा: आधी टर्बो आणि मॅनिफोल्ड, मग कॅम.

कॅम निवडताना हाव धरू नका. २जेझेडला २६४ आणि २७२ डिग्रीचे कॅम खूप चालतात, रोजच्या गाडीला २६४ च्या आसपास बास, २७२ घेतला की स्पूल (टर्बो जोर धरतो ते) थोडा उशिरा होतो आणि आयडल (उभ्या गाडीत इंजिन चालतं ते) हलायला लागतं. शिवाय प्रत्येक कंपनी ड्युरेशन वेगळ्या लिफ्टपासून मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, कॅमबरोबर येणारं कार्ड वाचा.

आणि कॅम घेताना व्हॉल्व मिटवणाऱ्या स्प्रिंग सोडू नका, प्लीज. ३४ मिमीच्या इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर २ बार बूस्ट म्हणजे साधारण साडेअठरा किलोचा दाब, तो व्हॉल्व उघडायला बघतो, म्हणजे स्प्रिंगची तेवढी ताकद तिथेच संपली. वर जास्त आरपीएम, व्हॉल्व फ्लोट होणारच, म्हणजे वेळेवर मिटणार नाही. खरं तर बऱ्याचदा ज्याला लोक कॅम कमी पडतोय म्हणतात तो थकलेल्या स्प्रिंगचा प्रॉब्लेम असतो, त्यामुळे जुन्या इंजिनात आधी स्प्रिंग बदलून परत डायनो घ्या, कदाचित कॅमचे पैसेच वाचतील.

बसवताना घाई नको. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर अडवणारा बोल्ट) लावून क्रँक दोन्ही बाजूंनी फिरवा, क्रँकवर लावलेल्या डिग्री व्हीलवर दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. मग बकेटवर (कॅम आणि व्हॉल्वमधली वाटी) डायल गेज ठेवून व्हॉल्व किती डिग्रीला उघडतो आणि मिटतो ते कार्डाशी जुळवा, फरक असेल तर ॲडजस्टेबल कॅम गिअरने काढा. पिस्टनच्या डोक्यावर मुलांची चिकणमाती लावून हेड बसवा, हाताने दोन फेरे फिरवा, उघडून मातीची जाडी मोजा, इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमीपेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ नका. व्हीव्हीटीआय (कॅमचं टायमिंग आपोआप बदलणारी सिस्टिम) नसलेल्या २जेझेड-जीटीईमध्ये कंपनीच्या कॅमवर टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनला लागत नाहीत, मोठ्या कॅमवर हे गृहीत धरू नका. शिम क्लिअरन्स (कॅम आणि बकेटवरच्या चकतीमधली फट) फिलर गेजने बघा, कंपनीचे आकडे थंड इंजिनाला इनटेक ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.२५ ते ०.३५ मिमी, पण नवीन कॅमच्या कार्डावर वेगळं असेल तर ते खरं. लोबवर (कॅमचा व्हॉल्व दाबणारा उंचवटा) असेंब्ली ल्यूब भरपूर लावा.

त्यानंतर ट्यून करावंच लागतं. आयडलला व्हॅक्यूम कमी होतो, मॅप सेन्सरचं (इनटेकमधला दाब मोजणारा) रीडिंग नाचतं, म्हणून आयडल ९०० ते १००० ला घ्या आणि फ्युएलचं टेबल नव्याने करा, जुन्या ट्यूनवर बूस्ट देऊ नका.

आपल्याकडे नंतर आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २३० किंवा २४५ वाल्यांनी तर अजिबात गडबड करू नये, त्या इंजिनात दोन्ही कॅमचं टायमिंग आपोआप पुढेमागे होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्वची लिफ्टही बदलते, त्यामुळे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला (सरळ रेषेतली शर्यत) जायचं असलं तरी आधी टर्बो, इंटरकूलर आणि ट्यूनवर खर्च करा.

कॅम बसल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घडी उलगडून उन्हात बघा, चमचमणारा बारीक कीस दिसला तर कव्हर उघडून लोब तपासा, नाही दिसला तरी शिम क्लिअरन्स एकदा परत मोजून घ्या.