अमेरिकेत परवडणारी युनिव्हर्सिटी शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेला शिकायला जायचं ठरलं की घरात एक एक्सेल शीट तयार होते. पहिल्या रकान्यात युनिव्हर्सिटीचं नाव, मग रँकिंग, मग ट्यूशन फी, आणि शेवटी डॉलरच्या भावाने गुणून काढलेला लाखांतला आकडा. पुढची सगळी चर्चा, रुसवेफुगवे आणि रात्रीची जागरणं त्या शेवटच्या रकान्यावरून होतात. तो रकाना मात्र बहुधा चुकीचा असतो. वेबसाइटवर छापलेली फी ही सगळ्यांसाठीची असते. आपल्याला हवा असतो तो आपल्या खिशातून जाणारा आकडा. या दोन आकड्यांत कधी दहा हजार डॉलरचा फरक पडतो, तर कधी साठ हजारांचा.

ट्यूशनलाच खर्च समजणं

ट्यूशनच्या जोडीला राहणं, जेवण, आरोग्य विमा, पुस्तकं आणि युनिव्हर्सिटीचे किरकोळ आकार असतात. विमा बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो आणि वर्षाला दोन ते चार हजार डॉलर नुसते त्यात जातात. इंजिनिअरिंग किंवा बिझनेसच्या मुलांकडून वेगळी जादा फी घेणारी विद्यापीठं आहेत. काही ठिकाणी तर केवळ परदेशी विद्यार्थी म्हणूनही आकार लागतो. म्हणून शीटमध्ये ट्यूशन न लिहिता ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’, म्हणजे हे सगळं मिळून होणारा वर्षाचा खर्च लिहा. व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-ट्वेंटी या कागदावर जवळपास हाच आकडा येतो आणि बँकेत पैसे दाखवायचे ते याच आकड्याचे.

गावही बघा. बोस्टनमध्ये शेअरिंगच्या खोलीला जे भाडं पडतं, तेवढ्यात आयोवातल्या एम्ससारख्या गावात आख्खा छोटा फ्लॅट मिळू शकतो.

आणि चार वर्षांचा हिशेब आजच्या भावाने करू नका. २०१४च्या मध्यात डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपता संपता त्याने नव्वदी ओलांडली. त्यात विद्यापीठं दरवर्षी फी थोडी थोडी वाढवतात. पर्ड्यूने २०१३पासून ट्यूशन गोठवून ठेवली आहे, पण असे अपवाद फार थोडे.

सरकारी आहे, म्हणजे स्वस्त असणार

ही चूक आपल्याकडून हमखास होते, कारण सीओईपी आणि व्हीजेटीआय बघून आपला हिशेब पक्का झालेला असतो. अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटी स्वस्त असते ती त्या राज्याचा कर भरणाऱ्यांच्या मुलांना. बाहेरच्यांकडून आलेल्या फीवर तिचा बराच गाडा चालतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचंच बघा. २०२५–२६ मध्ये पदवीला नव्याने दाखल होणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या ट्यूशनवर आणखी ३७,६०२ डॉलर भरावे लागतात, आणि गरजेनुसार मदत परदेशी विद्यार्थ्याला तिथे जवळजवळ मिळत नाही. बर्कलेला ॲडमिट मिळाला म्हणून पेढे वाटून झाल्यावर हे कळलं तर काय उपयोग?

‘वर्षभर राहिलं की आपणही त्या राज्याचे रहिवासी’ ही समजूतही सोडून द्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना बहुतेक राज्यांत तसा दर्जा मिळत नाही.

पण काही राज्यांच्या नियमांत खिडक्या असतात, त्या शोधायच्या. टेक्सासमधली ठळक आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्यांशी स्पर्धा करून किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळवली, तर विद्यापीठ तुम्हाला राज्यातल्या मुलांच्या दराने फी लावू शकतं. हजार डॉलर नुसते दिसायला. खरा फायदा फीच्या फरकात आहे. अशा जागांना मर्यादा असते, त्यामुळे तो अर्ज वेळेत आणि नीट भरायचा.

महागडी दिसली म्हणून यादीतून काढणं

बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात खर्च सांगणारी काही खाजगी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही घरच्या उत्पन्नानुसार पूर्ण मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि बोडन इथे तर तुम्ही मदत मागितली आहे का, हे प्रवेश ठरवताना बघतही नाहीत. अर्थात तिथे प्रवेश मिळणं हेच मुळात महाकठीण. फक्त ही नावं लिहून शीट पुरी केली, तर ती शीट नव्हे, लॉटरीचं तिकीट.

खरं खोदकाम त्याखालच्या थरात करायचं. आपल्याकडे नावही ऐकलेलं नसतं अशी छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं (कला-विज्ञानाचं सर्वांगीण पदवीशिक्षण देणारी) परदेशी मुलांना भरपूर पैसे देतात. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर कुणाकडूनच ट्यूशन घेत नाही. त्या बदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करावं लागतं. परदेशी मुलांना तिथे जागा मोजक्या, पण यादीत नाव असायला काय हरकत आहे?

कुठलं कॉलेज देतं आणि कुठलं नुसतं म्हणतं, हे कसं ओळखायचं? बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची एक पीडीएफ काढतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द गुगलला टाका. त्यात एच-६ हा विभाग गाठा. अमेरिकन नसलेल्या किती पदवी विद्यार्थ्यांना कॉलेजने स्वतःचे पैसे दिले, सरासरी किती आणि एकूण किती, हे तिथे लिहिलेलं असतं. मग बी-२ विभागात जाऊन एकूण परदेशी विद्यार्थी किती ते बघा आणि भागाकार करा. समजा, एका कॉलेजात २०० परदेशी मुलं आहेत, त्यांतल्या १५० जणांना मदत आहे आणि सरासरी ४५ हजार डॉलर. दुसरीकडे ३,००० परदेशी मुलं, मदत ९० जणांना आणि सरासरी ६ हजार. ब्रोशरमध्ये ‘जेनरस स्कॉलरशिप्स’ दोघांनीही छापलेलं असतं. एच-६ रिकामा असेल तर तोही एक प्रकारचा निरोपच समजा.

चुकीचा फॉर्म, अर्धवट कागद

अमेरिकन मित्राने सांगितलं म्हणून फाफ्सा हा सरकारी मदतीचा फॉर्म भरत बसू नका. ती तिथल्या केंद्र सरकारची मदत आहे आणि एफ-१ विद्यार्थी तिला पात्र नाही. कॉलेजच्या साइटवरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ही मुळात अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेला असतो, त्याने सांगितलेला आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही. परदेशी अर्जदारांकडून बरीच खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म मागतात, काही आपापला फॉर्म देतात.

नोकरदार घरात आयटीआर आणि फॉर्म १६ने बरंचसं भागतं. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा जोडून गप्प बसू नका. अमेरिकेतल्या फायनान्शियल एड ऑफिसातल्या बाईंना त्यातलं काही कळणार नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि सोबत एक पानभर साधं पत्र द्या: जमीन किती, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांत हातात किती पडले, जमीन विकून फी भरणं का शक्य नाही. घर एकत्र असेल तर जमिनीत हिस्सेदार किती, तेही लिहा. नाहीतर आख्खं शिवार तुमच्या वडिलांच्या नावावर मोजलं जातं.

‘मदत मागितली तर ॲडमिशन हुकेल, आधी आत शिरू, मग बघू’ हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. पहिला अर्धा भाग खरा आहे: बहुतेक कॉलेजांत मदत मागणाऱ्या परदेशी अर्जाला जास्त कस लागतो. पण प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर पुढे मागताच येत नाही, असाही नियम अनेक ठिकाणी आहे. दुसऱ्या वर्षी पैसे संपले की मग कुणाचं दार ठोठावणार?

एमएसला जाणाऱ्यांचा वेगळा घोळ

एमएसमध्ये पैसा कमी आहे, हे आधी मान्य करा. पीएचडीला चांगल्या विभागांत ट्यूशन माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, एमएस मात्र बहुतांशी स्वखर्चाने. ‘पहिल्या सेमनंतर आरए मिळेल’ (म्हणजे प्राध्यापकाच्या संशोधनात पगारी मदतनीसाचं काम) हे सीनियर सांगतात ते खोटं नसतं, पण ज्यांना मिळालं तेच सांगतात. बजेटमध्ये आरए आणि टीए (शिकवण्यातलं तसंच काम) शून्य धरा.

कॅम्पसवरच्या नोकरीचाही हिशेब करून बघा. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. ताशी १२ डॉलरने आठवड्याला १५ तास, वर्षात ३० आठवडे काम मिळालं तर होतात ५,४०० डॉलर. त्यात किराणा आणि थोडं भाडं निघेल, ट्यूशन नाही. ओपीटीमधून (शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करायची सोय) लोन फेडू, हेही गृहीत धरून चालू नका: ओपीटी १२ महिन्यांचा, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांना आणखी २४, आणि तो म्हणजे काम करायची परवानगी आहे, नोकरीची हमी नव्हे.

फुकटच्या सल्ल्याचे पैसे कोण देतं?

कन्सल्टन्सी तुमच्याकडून फी घेत नसेल तर ती बहुधा युनिव्हर्सिटीकडून कमिशन घेते. त्यात गुन्हा काही नाही. पण तुमच्या यादीतल्या आठापैकी सहा नावं त्यांच्या ‘पार्टनर’ युनिव्हर्सिटींची असतील तर ते सरळ विचारा. एज्युकेशन-यूएसए ही अमेरिकी परराष्ट्र खात्याची मोफत सल्ला देणारी सेवा आहे. मुंबईत ती यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या ऑफिसात मिळते. तिथे एक चक्कर टाकून मग यादी पक्की करा.

फारच स्वस्त आणि ‘पहिल्या दिवसापासून काम’ असं सांगणारं ठिकाण दिसलं तर मान्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातली ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी बंद पडली आणि शेकडो भारतीय मुलं अडकली. २०१९ मध्ये तर मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी ही तिथल्या इमिग्रेशन खात्यानेच लावलेला सापळा होती, हे बाहेर आलं.

कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं, कमी फीचं स्थानिक कॉलेज) पहिली दोन वर्षं काढून मग मोठ्या विद्यापीठात जाण्याचा रस्ता खरोखर पैसे वाचवतो. फक्त उरलेल्या दोन वर्षांची फी आधीच बघा. ट्रान्सफर होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मदत आणखी कमी मिळते.

पैसा फक्त तिथेच शोधणं

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. इथून पैसा घेऊन जाण्याची वाट जुनीच आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२पासून उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक रँकिंगची अट असते, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात वाचूनच युनिव्हर्सिटी निवडा, उलट्या क्रमाने नको. कॉर्नेलमध्ये भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे.

ऑफर लेटर वरवर वाचणं

‘वीस हजार डॉलर’ वाचलं की घरात आनंद होतो. पत्र पुन्हा वाचा. वीस हजार वर्षाला की चार वर्षांत मिळून? पहिल्याच वर्षी की दरवर्षी? टिकवायला जीपीए (४ पैकी सरासरी गुण) किती लागतो? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ३.५ राखणं सोपं नाही, तेव्हा ३.०ची अट असलेली थोडी लहान स्कॉलरशिप मला जास्त भरवशाची वाटते. ट्यूशन वाढली तर ही रक्कम वाढते का, हेही विचारा. बहुधा वाढत नाही.

रक्कम कमी पडत असेल तर जागा पक्की करण्याचं डिपॉझिट भरण्याआधी मेल करा. पदवीसाठी ही मुदत सहसा १ मे असते, म्हणजे हाताशी एप्रिल महिना आहे. दुसऱ्या कॉलेजचं जास्त रकमेचं पत्र असेल तर जोडा, घरातली नोकरी गेली असेल किंवा आजारपण आलं असेल तर कागदासकट लिहा, आणि नेमका किती डॉलरचा खड्डा पडतोय तो आकडा द्या. ‘प्लीज कन्सिडर’ लिहिलेल्या दोन पानांपेक्षा ‘वर्षाला ६,५०० डॉलर कमी पडतात’ या एका ओळीवर त्यांना काम करणं सोपं जातं. डिपॉझिट एकदा भरलंत की तुम्ही येणार हे त्यांना कळलेलं असतं.