मार्टिनी-हेन्री बघायला जाताना

मार्टिनी-हेन्री म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ब्रिटिश सैन्याची एकबारी बंदूक. ती विकत घ्यायला जाताना पाकिटाआधी पिशवी भरा. बारीक विजेरी, भिंग, नळीपेक्षा लांब लाकडी काठी, चिंध्या, व्यास मोजायला व्हर्नियर, फट मोजायला फीलर गेज (पातळ पत्र्यांचा जुडगा), मऊ शिशाची एक गोळी आणि ती ठोकायला लाकडी हातोडी. हे अमेरिकेतल्या मराठी हौशी मंडळींसाठी आहे. तिथे 1898 पर्यंत बनलेली अशी बंदूक केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ धरतात. राज्याचा नियम मात्र वेगळा तपासावा. भारतात शस्त्र कायदा आहे, तेव्हा गावच्या वाड्यातल्या माळ्यावरची बंदूक यात धरू नका.

हातात घेतल्यावर पहिलं काम: रिकामी आहे का? खालची तरफ ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा पुढून खाली झुकतो आणि काडतुसाचं घर उघडं पडतं. आत बघा, मग तोंडाकडून काठी घाला. काठीचं टोक घरात दिसलं तरच नळी मोकळी. विकणारा कितीही हसला तरी हे सोडू नका.

मग शिक्के. उजव्या बाजूला मुकुट, ‘व्ही.आर.’ (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं), कारखान्याचं नाव, साल आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, असतो. इथेच बरीच ढोंगं उघडी पडतात. खैबर भागातले कारागीर हुबेहूब नकला करत, पण शिक्क्यात चुकत. इंग्रजी ‘एन’ उलटा, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली 1905 सारखं साल. राणी 1901 च्या जानेवारीतच गेली! अशी बंदूक भिंतीवर छान दिसते, खांद्याला लावू नये. 2003 च्या सुमारास काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून हजारो बंदुका अमेरिकेत आल्या, त्यांच्यावर नेपाळी सैन्याचे देवनागरी शिक्के सापडतात. अमेरिकेतले संग्राहक त्यांचे फोटो काढून अर्थ विचारत फिरतात. आपण आकडे आणि अक्षरं भिंगाखाली सरळ वाचावीत. त्याच गठ्ठ्यात नेपाळमध्येच बनलेली ‘गेहेंद्र’ही असते. बाहेरून मार्टिनीच वाटते, आत पट्टीची स्प्रिंग आणि वेगळीच यंत्रणा. ती मी संग्रहासाठी घेईन, बार काढायला नाही.

नळीवर वेळ घाला. बाहेरचा तपकिरी रंग, ओरखडे हे सगळं चालेल. आत चिंधी फिरवून विजेरी धरा. या बंदुकीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या सात खाचा असतात आणि 22 इंचांत एक फेरा. कडा स्पष्ट हव्यात. तुरळक खड्डे चालतात, कारण काळ्या दारूची राख मिठासारखी ओल धरते आणि त्या काळी सगळ्यांनीच नळी नीट धुतली असं नाही. पण आत काळं वर्तुळ दिसलं आणि बाहेर बोटाला तिथेच उंचवटा लागला, तर नळी फुगलेली आहे. नमस्कार करून परत या. शिशाची गोळी ठोकून नळीतून पार करा आणि मोजा. .577/450 या तिच्या काडतुसाच्या नावाला भुलू नका: आधीच्या स्नायडर बंदुकीच्या .577 काडतुसाची मान आवळून .45 केली एवढाच त्याचा अर्थ. खाचांसकट व्यास .46 इंचाच्या पुढे जातो आणि नेमका आकडा प्रत्येक नळीचा वेगळा. गोळीचा साचा त्यावरून ठरतो.

यंत्रणेत तीन गोष्टी. तरफ बंद केल्यावर ठोकळा डुगडुगू नये. काडतुसाची रिकामी पुंगळी घालून मागची फट फीलर गेजने मोजावी. आणि पुंगळी उपसणारा एक्स्ट्रॅक्टर जोरात चालावा, कारण 1884-85 मध्ये सुदानच्या वाळूत गुंडाळलेल्या पत्र्याची काडतुसं अडकून सैनिक हैराण झाले होते. लाकडाचं एवढंच: दस्ता आतून लांब बोल्टने जोडलेला असतो, हलत असेल तर दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, तडा शोधा.

मुळात भरणा 85 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू आणि 480 ग्रेनची गोळी असा होता. आजची धूरविरहित दारू चिमूटभरही नको. पुंगळ्या बाजारात सहज मिळत नाहीत, छर्‍याच्या बंदुकीच्या 24 गेजच्या पितळी पुंगळ्या आवळून करतात, हा खर्च आधीच हिशेबात धरा. जाणत्या बंदूकदुरुस्ती कारागिराने होकार दिला तरी पहिला बार खांद्यावरून नको. बंदूक जुन्या टायरला बांधा, हलका भरणा घाला, दूर आडोशाला जाऊन दोरीने चाप ओढा. मग ती पुंगळी उचलून उजेडात धरा आणि बुडाशी फुगवटा किंवा चमकती रेघ दिसते का ते बघा.